लग्नघराची भिंत रस्त्यावर आली

वारल्यांच्या घरात लग्न निघालं की आधी भिंत तयार करावी लागते. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्याला शेणामातीचा लेप आणि त्यावर गेरूचा हात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं असतं आणि बांबूच्या काडीचं टोक चेचून कुंचला केलेला असतो, रंगसाहित्य एवढंच. घरातल्या आतल्या, अंधाऱ्या खोलीत सवाशिणी बसतात आणि चौक लिहायला घेतात. कडेनं नक्षीची चौकट, मधोमध पालघाट देवी. भोवती ताडाची झाडं, चंद्र-सूर्य, फणी, शिडी, घोड्यावर बसून निघालेलं जोडपं, नाचणारी माणसं. शेजारी लहानसा देवचौक आणि त्यात पंचशिऱ्या देव. लग्न लावणारी धवलेरी ही बाईच असते आणि तिची गाणी चालू असतात. पालघाट भिंतीवर उतरल्याखेरीज लग्न लागत नाही.

हे चित्र पाहुण्यांना दाखवायला काढलेलं नसे. उजेडात आणायलाही काढलेलं नसे. लग्न पार पडलं की त्याचं काम संपे. पुढं धूर बसे, पावसाळ्याची ओल येई, कूड नव्यानं लिंपला जाई आणि पुढच्या लग्नाला नवा चौक उभा राही. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागात आणि त्याला लागून असलेल्या गुजरातच्या पट्ट्यात ही रीत चालत आली. ती हजार वर्षांची आहे, अडीच हजार वर्षांची आहे, असं पर्यटनाच्या माहितीपत्रकांत छापलेलं असतं. पण शेणामातीचा कूड हजार वर्षं टिकत नाही. भीमबेटकाच्या गुहेत दगडावर काढलेल्या आकृत्यांशी या आकृत्यांचं साम्य डोळ्यांत भरतं, हे खरं. तेवढ्यावरून वंशावळ मांडता येत नाही. या कलेचं वय भिंतीत शोधण्यात अर्थ नाही. ते सासूकडून सुनेकडे, मावशीकडून भाचीकडे गेलेल्या हातात आहे.

आज हीच चित्रं मुंबईच्या उड्डाणपुलाखाली, पश्चिम रेल्वेच्या स्थानकांवर, तारांकित हॉटेलांच्या दर्शनी दालनात आणि पार आमच्या माणदेशातल्या शाळांच्या कुंपणावर दिसतात. अंधाऱ्या खोलीतून इथवर येताना मध्ये कर्ज, बंड, दुष्काळ, सरकारी योजना आणि बाजार असे सगळे टप्पे लागले.

त्यातला पहिला टप्पा त्या लग्नातच दडलेला आहे. लग्नाला पैसा लागे. वारल्याकडे तो नसे. मग तो जमीनदाराकडून, सावकाराकडून उचल घेई. त्या काळच्या हिशेबानं रक्कम किरकोळ असे, पण फेडायची ती अंगमेहनतीनं. कर्ज घेणारा 'लग्नगडी' होई: धन्याच्या घरी नवरा राबे, बायको राबे, पोटाला मिळेल ते खाई आणि कर्ज मात्र जागच्या जागी राही. कितीकांच्या आयुष्यात ते फिटलंच नाही. जंगलाची जमीन हातची गेलेली, गवत कापायला आणि झाडं तोडायला वेठीनं नेलं जाई, नाही म्हटलं तर फटके. मुंबई सरकारचे अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस आदिवासी भागांची पाहणी करून अहवाल दिला, त्यात या शोषणाची सरकारदरबारी नोंद झाली. पण नोंद झाल्यानं वेठ थांबली नाही.

चौकात घोडा आहे, बाशिंग आहे, तारपा हे वाद्य आहे. ज्याच्या उसन्या पैशावर हे सगळं घडतं, तो सावकार त्यात नाही. देवीच्या चौकटीत त्याला जागा दिली नाही, एवढं मात्र भिंतीवर दिसतं.

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. तिथं उंबरगाव आणि डहाणूकडचे काही वारली आले होते. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून किसान सभेचे कार्यकर्ते गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्या भागात गेले. 23 मे 1945 रोजी झरी गावात वारल्यांची परिषद झाली. वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचं नाही, दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याखेरीज धन्याच्या शेतात पाऊल ठेवायचं नाही, असे ठराव झाले. ठराव पाड्यापाड्यांत पोचले आणि लग्नगडी धन्याचे वाडे सोडून आपापल्या घरी परतले. पिढ्यान्‌पिढ्यांची गुलामी काही आठवड्यांत ढासळली, यावर जमीनदारांचा विश्वास बसेना. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला जमलेल्या हजारो वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे त्यात पडले. गोदावरीबाईंनी हा सगळा लढा पुढं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला. 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला.

ज्या वर्षी तलवाड्याला गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच वर्षी के. जे. सावे यांचं वारल्यांवरचं इंग्रजी पुस्तकही मुंबईत प्रसिद्ध झालं. म्हणजे 1945 पासून बाहेरच्या जगाला वारली ठाऊक होते. त्यांची भिंत मात्र बाहेर यायला आणखी पंचवीस वर्षं जावी लागली. लग्नाचं कर्ज सुटलं, तरी लग्नाचा चौक घरातच राहिला. तो राबणाऱ्या माणसाचा खासगी ऐवज होता आणि त्याला किंमत आहे असं बाहेर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तो बाहेर आणण्याची वाट बिहारमधून आली, आणि तीही दुष्काळाच्या वर्षी. 1966-67 साली बिहार करपला होता. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी दुष्काळी मदतीचा एक वेगळाच मार्ग काढला. मिथिलेतल्या बायका घराच्या भिंतींवर कोहबर ही लग्नाची चित्रं काढत. 1934 च्या भूकंपात घरं पडली तेव्हा डब्ल्यू. जी. आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला ती चित्रं दिसली होती. त्याच बायकांना कागद द्यावा, चित्रं विकत घ्यावीत, म्हणजे हातात पैसा येईल, अशी ही कल्पना. त्यासाठी मुंबईहून भास्कर कुलकर्णी नावाचा मराठी चित्रकार मिथिलेतल्या मधुबनीला गेला. गावोगाव फिरून त्यानं कागद वाटले आणि भिंतीवरची मधुबनी कागदावर आणली.

माणदेशच्या माणसाला या गोष्टीतलं वेगळेपण चटकन कळेल. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव 1876 च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झाला. 1972 च्या दुष्काळात आमच्या मागच्या पिढीनं रस्त्याकडेला बसून खडी फोडली. दुष्काळात सरकारनं काम द्यायचं म्हणजे माती उपसायची नाहीतर दगड फोडायचे, हीच आमच्याकडची रीत. या बायकांच्या बोटांत काही कला असेल, त्याला मजुरी द्यावी, असं आमच्या दुष्काळी कामांवर कुणी विचारलं नाही. मधुबनीला ते विचारलं गेलं.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हेच भास्कर कुलकर्णी डहाणूजवळच्या गंजाडला आले. इथंही कागद वाटले, पांढरा रंग दिला. चौक लिहिणाऱ्या बायका बिचकल्या. लग्न नसताना चौक लिहायचा कसा, आणि कुणासाठी? त्यांच्या दृष्टीनं प्रश्न रास्त होता. पालघाट ही बोलावून आणलेली देवी. तिला कागदावर बसवून मुंबईला धाडायचं, ही गोष्ट पचनी पडणारी नव्हती. तेव्हा कुलकर्णींना एक माणूस असा भेटला, जो लग्नाबिग्नाची वाट न पाहता रोज चित्रं काढत असे.

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म 1934 चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. सात वर्षांचे असताना आई गेली. त्या धक्क्यानं मुलाची वाचा बसली. बरीच वर्षं ते बोलत नव्हते. मातीत रेघोट्या ओढून सांगायचं ते सांगत. त्यांच्या लहानपणीच आसपासच्या पाड्यांतून वारल्यांचं बंड पेटलं आणि तलवाड्याला गोळीबार झाला. पुढं ते गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहू लागले. चित्र हा बायकांचा विधी, त्यातही लग्नापुरता. पुरुषानं रोज उठून काढायचं ते काम नव्हे. म्हसे यांनी ही मर्यादा ओलांडली, ती कुठल्या बंडखोर विचारानं नव्हे. बोलायचा दुसरा मार्ग नव्हता म्हणून.

कुलकर्णींनी त्यांच्या पुढ्यात कागद ठेवला आणि चौकट गळून पडली. देवीऐवजी पाडा आला. मासेमारीचं जाळं कागदभर पसरलं, मुंग्यांचं वारूळ, भाताची मळणी, बैलगाडी, कोंबड्यांमागं धावणारी पोरं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून झालेली माणसं कमरेत वाकली, वळली, पळू लागली. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी गोगलगायीच्या शंखासारखी आत आत वळत गेली. एकाच वेळी हजार हालचाली आणि तरीही कुठं गर्दी नाही, ही म्हसे यांच्या हाताची खूण. 1975 मध्ये मुंबईत जहांगीरच्या इमारतीतल्या गॅलरी केमोल्डमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. 1976 ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1989 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमधल्या 'माजिसियँ द ला तेर' या गाजलेल्या प्रदर्शनात जगभरच्या आधुनिक चित्रकारांच्या बरोबरीनं त्यांची चित्रं लागली. पुढं ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत जर्मनीत आणि इटलीत प्रदर्शनं झाली. 2009 मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 15 मे 2018 रोजी ते गेले, तेव्हा गंजाड हे चित्रकारांचं गाव झालेलं होतं. त्यांची मुलं सदाशिव आणि बाळू यांच्यासह अनेकांची चूल कुंचल्यावर पेटत होती.

या यशाला एक दुसरी बाजू आहे. कागदाला भाव आला तसे पुरुष पुढं आले. प्रदर्शनांना, विमानतळांवर, सत्काराला तेच गेले. ज्यांच्या बोटांतून ही भाषा आली त्या सवाशिणी आणि धवलेऱ्या चौकाजवळच राहिल्या. यशोधरा दालमिया यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात चौकाचा विधी बारकाईनं नोंदवला; अशा अभ्यासांमुळे निदान हे काम बायकांचं होतं याची लेखी साक्ष उरली. गंजाडमध्ये आता मुलीही चित्रं काढतात, विकतात, पण विकत घेणाऱ्याच्या डोळ्यापुढं 'वारली चित्रकार' म्हटलं की अजून पुरुषच येतो.

कुलकर्णी गंजाडला कागद वाटत होते, जवळपास त्याच वेळी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात असाच एक प्रसंग घडत होता. 1971 मध्ये पापुन्या या वस्तीतल्या शाळेत जेफ्री बार्डन नावाचे शिक्षक होते. सरकारनं वेगवेगळ्या आदिवासी जमातींना एका जागी आणून बसवलेली ही वस्ती. शाळेच्या भिंतीवर काहीतरी रंगवावं असं ठरलं, तेव्हा कापा जंपिजिन्पा आणि इतर वडीलधाऱ्या पुरुषांनी मधमुंगीच्या पुराणकथेचं चित्र तिथं काढलं. मुलांच्या शाळेवर स्वतःच्या पूर्वजांची कथा, स्वतःच्या हातानं. वाळवंटातल्या आदिवासींच्या साऱ्या आधुनिक चित्रकलेची सुरुवात त्या भिंतीपासून मानतात. आणि 1974 मध्ये सरकारी देखभालीच्या कामात त्या भिंतीवर रंग फासला गेला. चित्रांची किंमत पुढं लाखांत गेली. मूळ भिंत सरकारी रंगाखाली गडप झाली.

मेक्सिकोचं उदाहरण याच्या उलट. क्रांतीनंतर 1920 च्या दशकात तिथल्या सरकारनं आपल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंती दिएगो रिवेरासारख्या चित्रकारांना दिल्या. त्यांनी मूळ रहिवासी, शेतकरी, खाणकामगार यांना देशाच्या दर्शनी भिंतीवर आणलं. मान मोठा होता. पण चित्रात आदिवासी आणि शिडीवर चढलेला चित्रकार शहरातला, ही वाटणीही ठरून गेली. आपल्याकडे वारलीचं जे झालं ते या दोन्हींहून निराळं. इथं माणूसही मागं राहिला आणि कथाही; रस्त्यावर आली ती शैली.

त्याला कारण तिची सोपी दिसणारी रचना. वर्तुळ, त्रिकोण, रेघ. गेरूसारखी पार्श्वभूमी आणि पांढरा रंग. शाळेच्या चित्रकलेच्या तासाला येईल, दिवाळीच्या भेटकार्डावर येईल, कुर्त्यावर, पडद्यावर, कपावर येईल. 2010 च्या दिवाळीत कोकाकोलानं वारली आकृत्यांचीच जाहिरात केली. शहरं सुशोभित करायची टूम निघाली तशी नगरपालिकांच्या, रेल्वेच्या, शाळांच्या लांबच लांब भिंतींना स्वस्तात आणि पटकन भरणारं चित्र हवं होतं. वारली आयतीच सापडली. मोजमाप चौरस फुटांत, दर चौरस फुटाचा. ठेकेदारानं नेमलेला रंगारी साचा लावतो, स्प्रे मारतो आणि दिवसात पन्नास फूट तारपा नाचवतो. नाच कुठं उलटा फिरला, तारपावाला साखळीबाहेर उभा राहिला, स्त्रियांच्या डोक्यावरचा अंबाडाच गायब झाला, तरी बिल अडत नाही.

चांगलं काही घडलंच नाही असं नव्हे. गंजाडचे राजेश वांगड यांनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात भित्तिचित्रं केली, तीही आपल्या नावानं. छायाचित्रकार गौरी गिल यांच्या छायाचित्रांवर आपल्या गावाचा इतिहास रेखाटून ते जगातल्या मोठ्या प्रदर्शनांपर्यंत पोचले. खुद्द गंजाडच्या जिल्हा परिषद शाळेत जपानी कलावंत आणि वारली चित्रकारांनी मिळून वर्गांच्या भिंती रंगवल्या. पालघर-डहाणूचे अनेक तरुण आज भिंतींची कामं घेतात आणि त्यावर घर चालवतात. 2014 मध्ये 'आदिवासी युवा सेवा संघ' या संस्थेच्या प्रयत्नांनी वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. आंब्याला आणि पैठणीला जे संरक्षण आहे ते या कलेलाही कागदोपत्री आलं. पण मानांकन विकाऊ मालाच्या नावाचं रक्षण करतं. गावच्या शाळेचं कुंपण कुणी रंगवायचं, हे ते सांगत नाही.

वारलीनं भिंत सजवायची आणि वारल्याची भिंत पाडायची, या दोन गोष्टी एकाच शहरात शेजारी शेजारी नांदू शकतात, हे मुंबईत दिसलं. आरे वसाहतीच्या जंगलात वारल्यांचे पाडे आहेत. मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली जागा गेली, प्रजापूरपाड्यावरच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली, आणि ऑक्टोबर 2019 मध्ये रातोरात झाडं तोडायला सुरुवात झाली. दोनच दिवसांत दोन हजारांहून अधिक झाडं पडली. त्या वेळी विरोधाच्या फलकांवर हीच त्रिकोणी माणसं उभी होती. पुलाखालच्या खांबांवरही तीच होती. एकीकडे ती भांडत होती, दुसरीकडे शोभा देत होती. भिंतीवरच्या चित्राला मान दिला म्हणजे ते काढणाऱ्याला मान दिला, असा आपला समज असतो. आरेनं तो खोटा ठरवला.

आता आमच्याकडचं. माणदेशात वारली नाहीत. म्हसवडपासून डहाणू कितीतरी दूर. तारपा इथं कुणी ऐकलेला नाही. तरी सातारा-सांगलीच्या कितीतरी शाळांच्या, अंगणवाड्यांच्या कुंपणांवर तारपा नाच असतो. यात वाईट हेतू नाही. शिक्षकांना भिंत छान करायची असते, मुलांना आपल्या राज्यातल्या आदिवासींची ओळख व्हावी असंही वाटतं. पण चित्राखाली ओळ नसते. वारली कोण, कुठले, चौक कशाला लिहितात, बारा आण्यांसाठी त्यांना गोळ्या का खाव्या लागल्या, यातलं काही त्या कुंपणापाशी मुलाला कळत नाही. त्याला दिसतात पांढरी काडीची माणसं.

शिवाय त्या भिंतीला लागून असलेलं जग कोरंच राहतं. म्हसवडला मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते. रानात मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जाऊन येणारे धनगर आहेत. ढोलाच्या ठेक्यावर, रुमाल उडवत होणारा त्यांचा गजी नाच ही माणदेशाची खास ओळख. रात्र-रात्र सुंबरान मांडून बिरोबाच्या ओव्या गाणारे आहेत; त्या ओव्या ऐकायला आणि नोंदवायला ग्युंथर सोंथायमर हे जर्मन अभ्यासक आयुष्यभर इथल्या रानांत फिरले. धनगरांच्या हातात भित्तिचित्रांची परंपरा नाही, घोंगडीची आहे, ओवीची आहे. म्हणून वारलीचा साचा काढून त्यावर मेंढ्या चिकटवायच्या, हे उत्तर नव्हे. गजीचा ताल भिंतीवर कसा उतरेल हे गजी नाचणाऱ्यांना विचारून, इथल्याच पोरांच्या हातानं शोधावं लागेल. त्याला वेळ लागेल आणि पहिली भिंत बहुधा वेडीवाकडी होईल.

आणि वारलीच काढायची असेल तर तीही काढावी, पण रीतीनं. गंजाडच्या, डहाणूच्या चित्रकाराला बोलवावं. एका शाळेला तो खर्च झेपत नसेल तर तालुक्यातल्या चार शाळांनी मिळून बोलवावं. त्याला, आणि मुख्यतः तिला, मजुरी नव्हे तर मानधन द्यावं. भिंतीच्या कोपऱ्यात नाव, गाव आणि साल लिहून घ्यावं. पालघाटेचा चौक लग्नाविना लिहायचा की नाही, हे तिनं ठरवावं. नको म्हणाली तर मासे आणि वारूळ काढू द्यावं. आणि दहा ऑक्टोबरला त्या भिंतीसमोर मुलांना बसवून जेठ्या गांगडाची गोष्ट सांगावी.

आदिवासींच्या परंपरेचा सन्मान म्हणून रंगवलेल्या भिंतींची चर्चा आज जगभर होते. वारलीचा इतिहास त्या चर्चेत एक साधी कसोटी घालतो. 1945 मध्ये वारल्यांनी मागितलं होतं ते हेच, की आमच्या श्रमाचा दाम आमच्या हातात पडावा आणि आम्हाला कुणी वेठीला धरू नये. भित्तिचित्राला हीच मागणी लावून बघावी. चित्र काढणाऱ्याला दाम मिळाला का, त्याचं नाव लागलं का, काय काढायचं ते त्याला ठरवता आलं का? तिन्हींचं उत्तर होय असेल, तर ती भिंत सन्मानाची. एरवी तीही वेठच, फक्त रंगवलेली.